कुंभारीचं माहेर

आमच्या लेकीचं नाव यालिन. गावातल्या बायकांनी त्याचं यल्लू केलं आणि मी ते चालवून घेतलं, कारण कुणाकुणाला दुरुस्त करत बसणार? ती चीनची आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सोलापुरात कुणालाही सांगितलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग माझ्या बायकोच्या, सोजरबाईच्या तोंडाकडे बघतो आणि हळूच विचारतो, "म्हंजे, सख्खी?" या प्रश्नानं माझं डोकं फार लवकर फिरतं.

मी जोतिराम. एसटीत कंडक्टर होतो. सोलापूर-मंगळवेढा गाडीवर उभी हयात गेली, आणि त्यातली बरीचशी बिरप्पाबरोबर. बिरप्पा ड्रायव्हर. त्याचा स्वभाव मऊ, माझा कडक, त्यामुळे प्रवाशांशी भांडायचं काम माझं आणि नंतर त्यांची समजूत काढायचं काम त्याचं. नोकरी संपल्यावर मी कुंभारीला घर बांधून राहिलो. बिरप्पा मात्र निवृत्तीचं सुख न भोगताच गेला. मागं त्याची बायको वच्छला आणि मुलगा पृथ्वीराज, दोघं सोलापुरात.

पृथ्वीराज एका टॉवेलच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. कारखान्यानं चीनहून नवे माग मागवले, ते शिकून घ्यायला त्याला तिकडे पाठवलं, आणि शिकवणारी होती यालिन. पुढे माग बसवायला तीच इकडे आली. माग बसले, चालू झाले, तिच्या कंपनीची माणसं परत गेली. तीही गेली. काही महिन्यांनी, कामाचा व्हिसा शिल्लक होता तोवर, ती पुन्हा आली ती लग्नाला.

लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. पण अक्षता पडल्याशिवाय लग्न लागलं असं वच्छलाला वाटेना. अक्षता म्हटल्या की कन्यादान आलं, आणि नवरीकडचं तर कुणीच नव्हतं. वडील ती लहान असतानाच वारलेले. राहिली आई. त्या काळात तिकडच्या माणसाला इकडे नुसतं भेटायला यायचं तरी व्हिसा मिळत नव्हता. मिळाला असता तरी ती बाई आली असती असं नाही. एकुलती एक लेक डोंगर ओलांडून परक्या मुलखात चालली, हे तिला मुळीच मान्य नव्हतं. मला विचाराल तर त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

वच्छला आमच्या दारात आली. म्हणाली, "जोतीअण्णा, तुमी दोगं उबं ऱ्हावा की पोरीच्या बाजूनं. आमचं ह्ये असतं तर त्येंनीबी तुमालाच सांगितलं असतं."

आम्हाला दोन मुलगे, दोघे पुण्यात. लेक नाही. मी विचार करायला तोंड उघडणार, तोवर सोजरबाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ऱ्हातो की. त्यात इचारायचं काय?"

हातावर पाणी सोडताना यालिनचा हात गार पडला होता. पृथ्वीराजनं तिला सगळं आधी नीट समजावलं होतं, म्हणून ती उगाच भांबावलेली नव्हती. काय होतंय ते तिला कळत होतं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही पोरगी खेळ करत नाहीये, तर आपणही करू नये.

पुष्कळांना वाटतं, असं कन्यादान म्हणजे फोटोपुरतं. आमच्याकडे तसं नसतं. ज्यानं पाणी सोडलं तो बाप. मग पंचमीला आणायला जायचं, दिवाळीला साडी घ्यायची, जावयाचा मान करायचा, आणि लेकीच्या सासूनं काही वेडंवाकडं म्हटलं तर तेही मुकाट्यानं ऐकायचं. वच्छला ऐकवण्यात मागे राहिली नाही. "तुमची लेक नवऱ्याला नावानं हाका मारती, चारचौगांत," ही तिची पहिली तक्रार. मी म्हटलं, "आमच्यात तशीच पद्धत हाय." वच्छला हसून हसून बेजार झाली.

यालिनलाही आमच्या काही गोष्टी पटायच्या नाहीत. पाया पडायला सांगितलं तर ती बाजूला झाली. विचारल्यावर म्हणाली, "आमच्या घरी असं वाकतात ते गेलेल्या माणसापुढं. तुम्ही जिवंत आहात, आप्पा." मी म्हटलं, मग राहू दे. अजून काही दिवस तरी राहू दे. ती भर मे महिन्यात कढत पाणी प्यायची. सोजरबाईला वाटलं पोरीला ताप आहे, म्हणून ती सारखी कपाळाला हात लावून बघायची. आणि एक गोष्ट मला मनापासून आवडली. तिच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. म्हणाली, "आभार परक्यांचे." आणि दारात आलेल्याला पहिला प्रश्न काय, तर जेवलात का. मी सोजरबाईला म्हटलं, ही पोरगी चुकून तिकडे जन्माला आली असणार.

एकच गोष्ट सतत मानगुटीवर बसलेली असायची. बायको म्हणून इथे राहायची तिची परवानगी मुदतीची होती. मुदत संपत आली की वाढवून घ्यायची. पोलिसांची परदेशी माणसांची नोंद ठेवणारी एक शाखा असते, तिथे अर्ज, मग चौकशी, मग वाट बघणं. आणि एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येऊ देतील का, याची हमी कुणी देईना. म्हणून लग्न झाल्यापासून ती आईला भेटायला गेली नव्हती. रोज मोबाईलवर बोलणं व्हायचं. आई तिकडून काय म्हणते ते ती आम्हाला हसत हसत सांगायची. "म्हणते, एक दिवस ते नाही म्हणतील. मग ये घरी. मी खोली तशीच ठेवलीय." पहिल्यांदा आम्हीही हसलो. नंतर नंतर ती हे सांगायची बंद झाली.

मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात आम्ही रीतीप्रमाणे ओटी भरून तिला कुंभारीला आणली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणी कुणाला विचारायचं नव्हतं. वच्छलानं तिची बॅग भरली, पृथ्वीराजनं गाडीत ठेवली, मी पुढे बसलो. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही रीत आपल्याला ठाऊक आहे, सरकारला ठाऊक नाही. परदेशी माणसाचा मुक्काम नोंदवलेल्या पत्त्यावरून हलला की कळवावं लागतं. पृथ्वीराजला एरवी सगळे नियम तोंडपाठ, पण बायको माहेरी गेली हे पोलिसांना कळवायचं असतं, हे त्याला कसं सुचणार?

मुलगी झाली. सोलापूरच्या दवाखान्यातून बाळ-बाळंतीण आमच्या घरी आली. आणि तिकडून आईचे हुकूम सुटायला लागले. महिनाभर घराबाहेर पडायचं नाही. डोक्याला फडकं बांधायचं. गार पाण्याला शिवायचं नाही. वारं लागू द्यायचं नाही. यालिन एकेक सांगत गेली तशी सोजरबाई खुलत गेली, कारण ती हे सगळं आधीच करत होती. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, अंगाला तेल, डिंकाचे लाडू. "शानी बाई दिसती तुजी आई," सोजरबाई म्हणाली. त्या बाईबद्दल आमच्या घरात निघालेला हा पहिला बरा शब्द.

आईचा शेवटचा हुकूम मात्र अवघड होता. बाळंतिणीनं महिनाभर रोज कोंबडीचं पाणी प्यायचं, आलं घालून शिजवलेलं. त्याशिवाय अंगात ताकद येत नाही, दूध येत नाही, म्हातारपणी हाडं दुखतात.

मी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, माझ्या वडिलांपासून चालत आलेली. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. पुण्याची मुलं बाहेर काय खातात ते मी विचारत नाही आणि ती सांगत नाहीत. यालिनला हे ठाऊक होतं. तिनं आम्हाला फक्त आईचा हुकूम सांगितला, मागितलं काही नाही. "लाडू पुरे," म्हणाली.

एका संध्याकाळी पृथ्वीराज आला होता, मी ओसरीवर बसलो होतो आणि आत तिचं आईशी बोलणं चाललं होतं. दारातून दिसत होतं, तिच्या हातात वरणाची वाटी होती. ती वाटी ती मोबाईलपासून लांब, बाजेच्या कडेला धरून बसली होती. मी पृथ्वीराजला विचारलं, काय चाललंय? त्याला तिची भाषा थोडीफार येते. तो खाली बघत म्हणाला, "आई विचारतीया, रस्सा पितीस का. ही म्हणती, रोज पिते. आई म्हणती, दाखव. ही म्हणती, आत्ताच संपला."

माझं डोकं फिरलं. लेक आईशी खोटं बोलते, आणि कुणाच्या भिडेखातर, तर माझ्या. मी आत जाऊन म्हटलं, "आईला खोटं सांगायचं न्हाय." ती घाबरली. मला वाटतं ती माझ्या आवाजाला घाबरली, कारण मी काय म्हणतोय ते मला स्वतःलाही नीट कळलं नव्हतं. रात्रभर मी माळेवर हात ठेवून पडलो. सकाळी वच्छलाला फोन केला. "कोंबडी घिऊन ये. भांडं तुजं आण. अंगणात कडुलिंबाखाली चूल मांडून दितो."

तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "अण्णा, बरं हाय न्हवं तुमाला?"

त्या दिवसापासून विहीणबाई एक दिवसाआड एसटीनं यायच्या, पिशवीत गावठी कोंबडी साफ करून आणायच्या आणि माझ्या अंगणात तीन दगडांवर पातेलं चढवायच्या. दुसऱ्या दिवशीचं पाणीही त्यातच व्हायचं. सोजरबाई त्या बाजूला फिरकायची नाही, पण आलं स्वतः ठेचून द्यायची. गावात चर्चा झाली. भजनातल्या एकानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "जोतिराम, वास येतोय म्हणं तुज्या अंगणातनं?" मी म्हटलं, "येतोय. वाऱ्याची दिशा बदलली की तुज्याबी घरात यील." तो पुन्हा बोलला नाही. यालिन पहिल्या दिवशी वाटी घेऊन माझ्यासमोर आलीच नाही. मी तिच्या दाराकडे पाठ करून बसलो तेव्हा कुठे आत बसून प्याली. मग तिनं आईला मोबाईलवर वाटी दाखवली, रिकामी, उलटी करून.

हे असं सुरळीत चाललं असताना चौकशी आली. मुदत वाढवायचा अर्ज पृथ्वीराजनं वेळेत केला होता. हवालदार सोलापूरच्या घरी गेले. वच्छला एकटी. तिनं त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, सून माहेरी गेली आहे, कुंभारीला. हवालदारांनी विचारलं, चिनी बाईचं माहेर कुंभारीला कसं? वच्छलानं आपल्या परीनं सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि वहीत दोनच गोष्टी लिहिल्या: नोंदवलेल्या पत्त्यावर मिळून आली नाही, पतीसोबत राहत नाही. दोन्ही खऱ्याच होत्या, त्यांना तरी काय दोष द्यायचा?

पृथ्वीराजला बोलावणं आलं. तो तिथून थेट आमच्याकडे आला.  शाखेत त्याला सांगितलं गेलं की बायकोला परवानगी मिळते ती नवऱ्याजवळ राहण्यासाठी. ती न कळवता भलत्याच गावी, नात्यात नसलेल्या लोकांकडे राहते आहे. त्यात देश कोणता, तर चीन. हे प्रकरण वर जाईल.

"आन वरनं न्हाय म्हनले तर?" सोजरबाईनं विचारलं.

"तर मुदत संपायच्या आत तिला जावं लागंल."

"बाळंतिणीला?"

 यालिन बाजेवर बसून बाळाचे पाय चोळत होती. ती थांबली नाही, फक्त तिचा हात हळू झाला. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. रोजची वेळ होती, आई होती. यालिननं फोन उचलला आणि बराच वेळ बोलली. तिकडून जे आलं ते कुणी आम्हाला सांगायची गरज नव्हती. खोली तशीच ठेवलेली होती.

 आयुष्यभर मी माणसांना गाडीतून उतरवलं. स्टॉप आला की घंटी मारायची, उतरा म्हणायचं, मागे बघायचं नाही. त्या दिवशी कळलं की ही एक पोरगी उतरली तर मला पुढे जाताच येणार नाही. ती आल्यापासून घरात कुणीतरी माझ्याशी भांडतं, माझं ऐकतं, मला म्हातारा म्हणत नाही. म्हातारपणी देवानं न मागता लेक दिली, याबद्दल मी रोज त्याला हात जोडत होतो. तोच ती परत मागून घेईल हे मनात आलं नव्हतं.

पृथ्वीराज म्हणाला, "आप्पा, आजच गाडी करून हिला घरी नेतो. उद्या कोण आलं तर तितंच दिसंल."

"आन हितं चूल, बाज, शेगडी? गावाला काय सांगायचं, आलीच न्हवती म्हून?" मी म्हटलं. "ती हितं हाय तर हितंच दिसंल. लपवाछपवी केली की खरंबी खोटं वाटतंय. तू साहेबास्नी जाऊन सांग, चुकलं, कळवाया पायजे हुतं. आन म्हणावं, या आन बगून जा."

बोलताना आवाज कडक ठेवला, पण आतून मी हललो होतो. पोरीचं आयुष्य होतं, आणि मी एका हट्टावर लावत होतो. मी यालिनला विचारलं, "तुजं काय म्हणणं?" ती म्हणाली, "महिना पुरा झाला नाही. मी इथंच राहते, आप्पा."

पृथ्वीराज तसं सांगून आला, आणि शाखेतल्या फौजदार बाई आल्या त्या न सांगता, भर दुपारी. त्या दिवशी वच्छलानं पातेलं चुलीवर चढवलं आणि मीठ संपलं म्हणून दुकानात गेली. जाताना मला म्हणाली, "अण्णा, जाळ तेवडा बगा." सोजरबाई आत बाळाला न्हाऊ घालत होती. मी लांबूनच बघत होतो. जाळ विझायला लागला. लाकूड ओलं होतं. शेवटी इकडे तिकडे बघितलं, फुंकणी घेतली आणि चुलीपुढे उकिडवा बसून फुंकायला लागलो. गळ्यातली माळ पुढे लोंबत होती, ती एका हातानं छातीशी धरली होती. डोळ्यांत धूर, मिशीवर राख.

"जोतिराम आपणच का?"

वर बघितलं तर खाकी गणवेश. पाटीवर नाव होतं श्रीदेवी. बाई तरुण होत्या, नजर मात्र चांगली मुरलेली. त्यांनी आधी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्या गळ्याकडे, मग परत पातेल्याकडे.

"काय शिजतंय?"

"कोंबडी."

"तुम्ही खाता?"

"न्हाय."

"घरात कोण खातं?"

"लेक. बाळंतीण हाय."

त्यांनी वही उघडली. "ती तुमची लेक कशी?"

"आमी कन्यादान केलंय तिचं."

"त्याचा काही कागद?"

"कन्यादानाचा कागद नसतोय, बाई." आवाज चढला होता, तो मी खाली आणला. "पायजे तर पाणी सोडताना कोण कोण हुतं ती सगळी माणसं बोलावतो."

त्यांनी हातानं राहू द्या म्हटलं आणि चपला काढून आत गेल्या. सोजरबाईला बाळासकट बाहेर यायला सांगितलं, दार लोटलं. पण आमची खिडकी अंगणात उघडते. मी फुंकणी तोंडाला लावून बसलो होतो आणि फुंकत नव्हतो.

बाईंनी इंग्रजीत विचारलं. यालिननं मराठीत उत्तर दिलं. मग बाईही मराठीत आल्या.

"इथं तुम्हाला कुणी जबरदस्तीनं आणलंय?"

"नाही. माहेर आहे."

"तुमची काळजी कोण घेतं?"

"इथली आई तेल लावते, शेक देते. आत्या, म्हणजे सासूबाई, शिजवतात. आप्पा भांडतात."

"कुणाशी?"

"सगळ्यांशी. माझ्यासाठी."

बाईंचा आवाज थोडा सैल झाल्यासारखा वाटला. "आणि नवरा?"

"रोज कामावरून येतो. बाळाला घेतो. मग सोलापूरला जातो."

"इथं मुक्काम का करत नाही?"

"लाजतो. सासरवाडी आहे."

आतून हसण्याचा आवाज आला. दोघींचा. माझा जीव थोडासा भांड्यात पडला, सगळा नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा वच्छला मिठाची पुडी घेऊन दारात उभी होती. गणवेश बघून तिच्या हातातली पुडी खाली पडली. "ह्या सासूबाई?" बाईंनी विचारलं. "सासूबाई माहेरी येऊन सुनेला शिजवून घालतात?" वच्छला म्हणाली, "काय करायचं, मॅडम? ह्येंच्या घरात कोंबडीला कुणी हात लावत न्हाई की." बाईंनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मी मंगळवेढ्याची. माझे आजोबा माळकरी होते. आजी आजारी पडली, डॉक्टरांनी अंडं द्यायला सांगितलं. आजोबांनी तिला तिच्या भावाकडे पाठवलं, पण अंगणात चूल मांडू दिली नाही. स्वतःच्या बायकोसाठी दिली नाही." त्या चुलीकडे बघत होत्या. "हे मला कागदावर लिहिता येणार नाही. पण मला जे बघायचं होतं ते मी बघितलं."

जे लिहायचं ते त्यांनी लिहिलं. मुक्काम न कळवल्याची चूक आमची, ती त्यांनी सोडली नाही. पृथ्वीराजला माफीचा अर्ज द्यायला सांगितलं आणि बाळंतपणापुरता पत्ता बदलल्याची नोंद करायला लावली. माझी सही घेताना म्हणाल्या, "इथे घरमालक म्हणून सही करा."

"घरमालक?" मी म्हटलं. "मी काय खोली भाड्यानं दिलीया?"

"नियमात बाप बसत नाही, आप्पा," बाई म्हणाल्या. त्यांनीही आप्पाच म्हटलं. मी सही केली.

मंजुरी आली त्या दिवशी बाळंतिणीचा महिनाही पुरा झाला होता. पृथ्वीराज कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून सांगायला आला. पूर्ण मुदत वाढली होती. शाखेत त्याला हेही समजावून सांगितलं होतं की आता रीतसर परवानगी काढून ती आईला भेटून परत येऊ शकते. सोजरबाईनं देवापुढे साखर ठेवली. वच्छलानं बाळाची दृष्ट काढली, मग यालिनची काढली, आणि मी नको म्हणत असताना माझीही काढली. मी देवघरापुढे उभा राहिलो. त्या फौजदार बाईंचं नाव घेतलं, बिरप्पाचं घेतलं, आणि ज्याला मी ओळखत नाही अशा साहेबाचंही घेतलं, ज्यानं वर बसून हो म्हटलं. आभार परक्यांचे मानायचे असतात ना.

तेवढ्यात आईचा फोन आला. यालिन बाळाला घेऊन अंगणात आली. महिन्यात पहिल्यांदाच ती उन्हात उभी होती. तिनं आईला आधी परवानगीचं सांगितलं.  मग तिनं मोबाईल फिरवून चूल दाखवली, काळं झालेलं पातेलं दाखवलं, आणि माझ्या गळ्यातली माळ दाखवून खूप वेळ काहीतरी समजावत राहिली. इतके दिवस आईला वाट्या दिसत होत्या, पण त्या कुणाच्या अंगणात भरल्या ते ठाऊक नव्हतं.

पडद्यावर एक बारीकशी बाई होती. केस पिकलेले, मागे स्वयंपाकघर. मी तिला नेहमी मोठ्या अंगाची, रागीट धरून चाललो होतो. तिनं मला निरखून बघितलं आणि काहीतरी विचारलं.

यालिन म्हणाली, "आई विचारते, तुमच्या देवाला राग नाही आला?"

"सांग तिला, देवाला इचारलंच न्हाय."

यालिननं सांगितलं. ती बाई हसली नाही. तिनं तोंडावर हात ठेवला. मग पुन्हा बोलली, हळू, थांबत थांबत, आणि यालिनचा आवाज सांगताना बारीक झाला. "ती म्हणते, मला वाटायचं तिकडे माझ्या मुलीला कुणी नाही. म्हणून मी रोज मागत होते, परवानगी मिळू नये. म्हणते, माझी एकच मुलगी आहे. आता अर्धी तुमची."

सोजरबाईनं पदर डोळ्यांना लावला.  इतके दिवस जे मला सरकारपुढे हात जोडून म्हणायचं होतं, ते म्हणायची जागा हीच होती, हे मला तेव्हा कळलं. परवानगी कुणाची लागते ते आम्ही चुकीच्या ठिकाणी विचारत फिरत होतो.

"अर्धी न्हाय," मी म्हटलं. "सगळी तुमचीच हाय म्हणावं. आता यील, भेटंल, ऱ्हाईल तुमच्यापाशी. फकस्त तिला परत धाडा. हितं ऱ्हाऊ द्या."

यालिननं सांगायला सुरुवात केली, पण ते तिला पुरं करता आलं नाही. राहिलेलं पृथ्वीराजनं आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं.

"हाओ," ती आई म्हणाली. डोळे पुसून पुन्हा म्हणाली, "हाओ." आमच्या अंगणात कुणाला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.